परेड, प्रेसनोट आणि प्रेतं

लष्कराचा विषय निघाला की आपल्या पोरांची दोन टोकं होतात. एक म्हणतं, आम्ही लढवय्ये, कोरेगावचा खांब बघा, महार रेजिमेंट बघा. दुसरं म्हणतं, लष्कर म्हणजे राज्यकर्त्या वर्गाच्या हातातला सोटा, आपला त्याच्याशी संबंध काय? टपरीवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे चालतं. चालू दे. दोघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं आहे. पण ह्या दोघांना जे लष्कर दिसतं ते कुणीतरी दाखवलेलं असतं. छाती दाखवायची असते तेव्हा छाती दिसते, सोटा दाखवायचा असतो तेव्हा सोटा दिसतो. दाखवणारा माणूस एका टेबलामागं बसतो. त्याच्या हातात बंदूक नसते. पाहुण्यांची यादी असते, फोटोवाल्यांचे पास असतात आणि प्रेसनोटचा कागद असतो. त्याला जनसंपर्क अधिकारी म्हणतात. मला त्या टेबलाबद्दल लिहायचंय.

टेबल जुनं आहे. १९०९ साली इंग्रजांनी अलाहाबादहून 'फौजी अखबार' काढला, हिंदी शिपायांसाठी. साहेब हुशार. शिपायाला बंदूक आपण द्यायची आणि बातमी त्यानं बाजारातून आणायची, ह्याचा परिणाम त्यानं १८५७ ला बघितला होता. १९५४ साली त्याच पत्राचं नाव 'सैनिक समाचार' झालं, त्याची मराठी आवृत्तीही निघाली. दिल्लीत संरक्षण खात्याचं जनसंपर्क संचालनालय आहे, मोठ्या शहरांतून त्याचे अधिकारी आहेत, तिन्ही दलांची आपापली माणसं वेगळी. पत्रकारांना छावण्या आणि जहाजं दाखवणारा खास अभ्यासक्रमसुद्धा हे खातं चालवतं. नौदल सप्ताहात शाळेची पोरं जहाजावर न्यायची, गेटवेसमोर बँड लावायचा, मोठा माणूस येणार असेल तर तो कुठं उभा राहील आणि कॅमेरा कुठं उभा राहील हे आठवडाभर आधी खडूनं आखायचं. हे काम आहे आणि मेहनतीचं काम आहे. मी ओझी वाहणारा माणूस, दुसऱ्याच्या कामाला हलकं म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ह्या टेबलावरून कोण खाली ढकललं जातं ते आपण बघत नाही.

गोदीत आम्हाला हा प्रकार लहान मापात दिसतो. बडा पाहुणा यायचा असला की दोन दिवस आधी मुकादम बोंबलायला लागतो. जहाज बांधायच्या लोखंडी खुंटांना रंग, भिंतीला चुना, गटारावर फळ्या. पाहुणा यायच्या वेळी मात्र रंग लावणारी टोळी शेडच्या मागं. घामाचा वास फोटोत येत नाही, तरीपण मागं. आमच्यातला एक म्हातारा एकदा मुकादमाला म्हणाला, "आमी काय चोरीचा माल हाय का रं?" मुकादम हसला. बाकीचेही हसले. मी नाही हसलो, कारण मी तेव्हा १९४४ सालच्या स्फोटावर वाचत होतो आणि डोक्यात तेच होतं.

१४ एप्रिल १९४४. तारीख नीट वाचा. त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षं पूर्ण झाली. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आणि त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज पेटलं. त्या जहाजात काय होतं? कापसाच्या हजारो गठड्या, तेल, लाकूड, माशांचं खत, सोन्याच्या विटा, आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. कापूस आणि दारू एका पोटात! गोदीत एक दिवस काम केलेल्या पोरालाही कळेल की असा माल एकत्र भरत नाहीत. पण युद्ध होतं, जहाजं कमी होती, आणि लष्कराची घाई म्हणजे कायदा. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. डझनभर जहाजं गेली. आसपासच्या वस्त्या जळाल्या, ऐंशी हजार माणसं बेघर झाली. आग विझवताना ६६ फायरमन मेले.

आता टेबलाकडे या. सबंध मुंबईनं आवाज ऐकला, आभाळातून पडलेले लोखंडाचे तुकडे बघितले, आणि वर्तमानपत्रात काय? युद्धकाळाची सेन्सॉरशिप. ह्या स्फोटाची तपशीलवार बातमी जगाला पहिली दिली ती सायगाव रेडिओनं, दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला. सायगाव जपान्यांच्या हातात होतं. म्हणजे डोंगरीतल्या बाईचा नवरा गोदीत मेला ही बातमी तिच्या सरकारच्या आधी तिच्या सरकारच्या दुश्मनानं सांगितली. बातमीदारांना ती बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. जवळजवळ महिनाभर ती माणसं मेली होती, पण छापील मेली नव्हती.

बरं, मेली किती? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. पाचशे माणसांचा फरक! हा फरक सेन्सॉरनं एकट्यानं केलेला नाही. तेव्हा गोदीतला मजूर टोळीवाल्याच्या मार्फत रोजंदारीवर लागायचा. सकाळी धक्क्यावर उभं राहायचं, टोळीवाल्यानं बोट दाखवलं तर आत. नोंद टोळीवाल्याच्या डोक्यात. गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा १९४८ साली झाला आणि मुंबईत त्यासाठी डॉक लेबर बोर्ड आलं ते १९५१ साली. १९४४ ला जो मजूर जहाजाच्या पोटात उतरला त्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, तर मेल्यावर ते कुठून खोडणार? प्रेसनोट लिहिणाऱ्याला खोटं बोलावंच लागलं नाही. ज्याची हजेरी नाही त्याचं मरण लपवायला फारशी अक्कल लागत नाही. पुढं आठ हजार माणसांनी सात महिने राबून पाच लाख टन राडारोडा उपसला आणि गोदी पुन्हा सुरू केली. ही आठ हजार माणसं कोण होती हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे काय?

ह्याच्या उलटं चित्र पुढच्याच साली दिसलं आणि तेही ह्याच शहरात. मला ते फार आवडतं म्हणून जरा लांबवतो.

१ डिसेंबर १९४५. रॉयल इंडियन नेव्हीचा नौदल दिन. युद्ध जिंकलेलं, साहेब खूष, शहरातल्या बड्या लोकांना आमंत्रणं गेलेली, जहाजं आणि तळ लोकांना दाखवायचे ठरलेले. कुलाब्याला 'तलवार' नावाचा तळ होता, बिनतारी संदेशाचं शिक्षण देणारा. तिथल्या काही पोरांनी आदल्या रात्री काम केलं. सकाळी साहेब बघतो तर परेडच्या मैदानावर अर्धवट जळालेल्या पताका, भिंतींवर फूटभर अक्षरांत 'भारत छोडो' आणि बंड करा अशा घोषणा, आणि उंचावर, जिथं सगळ्यांची नजर जाईल तिथं टांगलेल्या बादल्या आणि झाडू. वा! सोहळा साहेबाचा, आमंत्रणं साहेबाची, मैदान साहेबाचं, आणि बातमी पोरांची. ह्याला म्हणतात प्रसिद्धीचं टेबल उलथवणं. एक पैसा खर्च नाही.

त्या झाडूपाशी मी थांबतो. नौदलात सफाई करणाऱ्या खलाशाला टोपास म्हणत. संडास, गटार, डेक त्याच्या वाट्याला. तो कुठल्या वस्तीतून यायचा ते वेगळं सांगायला नको. नौदलाच्या भरतीच्या जाहिरातीवर पांढऱ्या गणवेशातला देखणा गडी मी शंभरदा बघितला, टोपास एकदाही बघितला नाही. 'तलवार'च्या पोरांनी झाडू उंच टांगला तो साहेबाची अब्रू काढायला. म्हणजे त्यांच्याही मनात झाडू ही अब्रू घालवणारी वस्तू होतीच. आणि पाहुणे यायच्या आत ते मैदान साफ करायची धावपळ उडाली असणार, तेव्हा तोच झाडू पुन्हा कुणाच्या हातात गेला असेल? त्या पोरांना मी सलाम करतो आणि हा प्रश्नही विचारतो. दोन्ही एका तोंडानं करता येतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान असायला हवं. फेब्रुवारी १९४६. अन्न निकृष्ट, पगार तुटपुंजा, आणि वर कमांडर किंग नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या. त्या शिव्यांत एक होती 'कुलीची पोरं'. ही शिवी ऐकून खलाशांचं रक्त उसळलं. आम्ही खरोखरच कुलीची पोरं, आम्हाला ती शिवी वाटायचं कारण नाही, पण साहेबाला ती शिवी वाटत होती हे लक्षात ठेवू. १८ फेब्रुवारीला 'तलवार'वर संप झाला. ही पोरं संदेश पाठवण्यात तरबेज. बिनतारी यंत्रं त्यांच्या बोटाखाली. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजं आणि वीस तळ संपात, वीस हजार खलाशी. संपसमितीची स्वतःची निवेदनं, स्वतःच्या मागण्यांचा कागद. समोरून ॲडमिरल गॉडफ्रेनं रेडिओवरून धमकी दिली की नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर. म्हणजे लढाई दोन प्रेसनोटांची होती. २२ फेब्रुवारीला परळ-लालबागचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली, आणि पुढाऱ्यांच्या सल्ल्यानं २३ ला खलाशांनी शरणागती पत्करली. शेवटच्या निवेदनात त्यांनी सांगितलं की सैनिकांचं आणि रस्त्यावरच्या माणसांचं रक्त पहिल्यांदाच एकत्र सांडलं. ते निवेदन कुठल्याही जनसंपर्क अधिकाऱ्यानं तपासून दिलेलं नव्हतं.

आणि आता गंमत बघा. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीच्या संचलनात नौदलाचा जो चित्ररथ गेला, त्याच्या पुढच्या भागावर १९४६ चं बंड होतं. ज्यांना नोकरीतून हाकललं, तुरुंगात टाकलं, ज्यांचं बंड स्वतंत्र भारताच्या सरकारनंही कित्येक वर्षं अडगळीत ठेवलं, ते सलामी घेत गेले. मला वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं. पण चित्ररथावर किडकी डाळ दाखवता येत नाही आणि 'कुलीची पोरं' ही शिवीही दाखवता येत नाही. चित्ररथ फक्त मुठी दाखवतो. पंच्याहत्तर वर्षांनी मुठी निरुपद्रवी होतात.

कोरेगावचा खांब घ्या. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा. तो खांब कुणी बांधला? कंपनी सरकारनं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर तीन वर्षांनी त्याचा पाया घातला. कशासाठी? आपल्या फौजेचा पराक्रम लोकांना दिसावा म्हणून. म्हणजे त्या काळच्या लष्करी प्रसिद्धीखात्याचंच काम ते, दगडातली प्रेसनोट. तिच्यावर कंपनीच्या ४९ मेलेल्यांची नावं आहेत आणि त्यांतली २२ शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे आपली. साहेबानं ती नावं कोरली. आणि त्याच साहेबानं १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा लिहिला. आमच्या बापांची नावं तुमच्या खांबावर आहेत, मग आम्ही नालायक कसे? खांब उभाच होता, दार बंद होतं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली. १९४१ मध्ये पुन्हा गरज पडली तेव्हा महार रेजिमेंट आली, टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब घेऊन. पुढं बिल्ल्यावरचा खांब गेला आणि खंजीर आला.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले तेव्हा त्यांनी काय केलं? साहेबाची प्रेसनोट साहेबाच्या तोंडावर वाचली. खांब साहेबाच्या कौतुकासाठी होता, त्यांनी तो आपल्या हक्काचा पुरावा केला. म्हणून आज लाखो माणसं तिथं जातात, आणि म्हणूनच १ जानेवारी २०१८ ला तिथं दगड पडले. साहेबाच्या कौतुकाचा खांब म्हणून तो राहिला असता तर कुणी खडासुद्धा मारला नसता. आपल्यातले काही जण हा फरक विसरतात आणि खांबापुढं नुसतीच छाती फुगवतात. छाती फुगवायला साहेबानं शिकवलं होतं. बाबासाहेबांनी वाचायला शिकवलं.

वाचायचं कसं, त्याचा ताजा धडा मालवणात मिळाला. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला. जहाजं, विमानं, पंतप्रधान, आणि राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा. महाराजांच्या आरमाराचं नाव घेत सोहळा झाला. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला. नऊ महिने पण पुरे नाहीत. तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले, वारा ताशी ४५ किलोमीटर होता. अहो, पावसाळ्यात धक्क्यावर असल्या वाऱ्यात आम्ही डबा खातो! राज्य सरकारनं नौदलाकडे बोट दाखवलं, नौदलानं सांगितलं की काम आम्ही राज्य सरकारच्या समन्वयानं केलं आणि पैसा राज्याचा होता. आणि प्रेसनोट? पुतळ्याचे तुकडे जमिनीवर पडलेले सबंध महाराष्ट्रानं बघितले, आणि नौदलाचा कागद म्हणत होता 'नुकसान', 'दुरुस्ती'. पंतप्रधानांनी चार दिवसांनी पालघरला माफी मागितली. माझा मुद्दा पुतळा कुणी पाडला हा नाही, ते कोर्ट बघेल. माझा मुद्दा हा की दिवसाची तारीख आधी ठरली आणि पुतळा त्या तारखेला बसवला गेला. मायनाक भंडारी आणि दौलतखान ज्या आरमारात होते, ते आरमार सोहळ्याच्या तारखेवर चालत नव्हतं. सोहळा गेला, फोटो राहिले, आणि पाया वाऱ्यावर.

ह्याचा आपल्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला मी अग्निपथ दाखवतो. १४ जून २०२२ ला संरक्षणमंत्री आणि तिन्ही दलांचे प्रमुख एका रांगेत बसले आणि योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढं ठेवणार, बाकीचे घरी, पेन्शन नाही. आपल्या वस्तीतली किती पोरं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळतात ते तुम्हाला माहीत आहे. सैन्य म्हणजे त्यांच्यासाठी देशभक्ती तर आहेच, पण आईच्या औषधाचे पैसे आणि पक्कं घरसुद्धा आहे. बिहारात, उत्तर प्रदेशात, तेलंगणात पोरं भडकली. सिकंदराबादच्या स्टेशनवर गोळीबारात एक पोरगा मेला. १९ जूनला पुन्हा पत्रकार परिषद. आता सांगितलं गेलं की योजना मागं घेणार नाही, आणि भरतीला येणाऱ्यानं आपण निदर्शनात नव्हतो असं लिहून द्यायचं. माहिती द्यायला मांडलेलं टेबल, त्यावरून दम दिला गेला. गणवेशातली माणसं, मागं झेंडे, समोर माईक. पोरांच्या बाजूला माईक नव्हता.

चेहरेसुद्धा ह्याच टेबलावर निवडले जातात. ७ मे २०२५ ला 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती द्यायला दोन बायका अधिकारी पुढं आल्या, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. चांगली निवड होती, मलाही अभिमान वाटला. आठ-दहा दिवस नाही लोटले, मध्य प्रदेशातला एक मंत्री पहिलीच्या धर्मावर घसरला आणि उत्तर प्रदेशातला एक खासदार दुसरीची जात शोधून जाहीर सभेत सांगू लागला. खांद्यावर एवढी चिन्हं असताना ह्यांना दिसलं काय, तर जात! प्रसिद्धीखातं चेहरा बदलू शकतं, बघणाऱ्याचे डोळे कुठून बदलणार.

कुणी म्हणेल, लष्कराला गुप्तता लागतेच. लागते. २६ नोव्हेंबर २००८ ला टीव्हीवाल्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, तो मूर्खपणा होता. २०१५ मध्ये नियम झाला की अशा कारवाया चालू असताना नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच दाखवायचं. मला हे मान्य आहे. गोळी चालू असताना पत्ता सांगू नका. पण गोळी थांबल्यावर प्रेतांचा आकडा का दाबता? १९४४ च्या एप्रिलमध्ये जपान्यांना स्फोट कळला होता, इंग्रजांना कळला होता. मग गुप्तता कुणापासून होती? डोंगरीतल्या त्या बाईपासून.

तर शाखेनं एक काम हाती घ्यावं असं मी सुचवतो. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या ६६ फायरमनांना दरवर्षी मानवंदना मिळते, मिळायलाच पाहिजे. गोदीच्या मजुरांचा आकडा अजून 'सुमारे' ह्या शब्दात अडकलेला आहे. १४ एप्रिलला आपल्या मिरवणुका वाडी बंदर, मशीद बंदर, डोंगरी, माझगाव, शिवडीच्या रस्त्यांवरून जातात. तिथल्या जुन्या घरांत अजून कुणाचा पणजा, कुणाच्या आजीचा भाऊ त्या स्फोटात गेलेला निघेल. म्हाताऱ्यांना विचारा. लवकर विचारा, ती माणसंही संपत आलीत. नाव, गाव, तालुका, कुठल्या टोळीवाल्याकडं होता, प्रेत मिळालं का, पैसे मिळाले का, हे एका कागदावर लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. मुसलमान असो, कोळी असो, घाटी असो, उत्तरेकडला असो, सगळे घ्या, त्या दिवशी दारूगोळ्यानं जात विचारली नव्हती. पुढच्या १४ एप्रिलच्या अंकात यादी छापू. दहा नावं मिळाली तर दहा. पूर्ण नाव नसेल तर घरात ज्या नावानं हाक मारायचे ते लिहा.